लंडनला राहायला आलोय, मुलांना घेऊन शहर कसं बघता?

मुळामुठा

नवऱ्याची बदली झाली आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, ऑगस्टअखेरीस आम्ही लंडनला आलो. घर हॅरोमध्ये. थोरली आठ वर्षांची, धाकटा चारचा. घर लागलं, शाळा मिळाल्या, जीपीकडे (इथले फॅमिली डॉक्टर) नाव नोंदवून झालं. आता उरला प्रश्न शनिवार-रविवारचा.

पर्यटक म्हणून आलो असतो तर सोपं होतं. बिग बेन, लंडन आय, टॉवर, फोटो, परतीचं विमान. आता इथेच राहायचंय, घाई नाही, हे कळतं हो. पण शनिवार उजाडला की काहीतरी 'बघून' यायलाच हवं असं वाटत राहतं. त्यात घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग काय काय बघितलंत?" नवऱ्याने एक्सेल केलंय, रंगीत रकान्यांसकट. वेस्टमिन्स्टरपासून सुरुवात झाली. पार्लमेंट, ॲबे, राजवाडा, ट्रफाल्गर स्क्वेअर, सगळं एका दिवसात. राजवाड्याच्या फाटकाशीच धाकटा बग्गीत (बाबागाडीत) झोपला. थोरली ट्रफाल्गर स्क्वेअरच्या सिंहापाशी बसली आणि म्हणाली, "मला आता कुठलीच बिल्डिंग बघायची नाहीये."

इथे मुलं वाढवलेल्यांनी सांगा: किती बघावं, कसं बघावं? बाहेर पडल्यावर खाण्याचं आणि शू-शीचं काय करता? थंडीपावसात बाहेर पडता का? एप्रिलमध्ये सासू-सासरे येणार आहेत, बाबांचे गुडघे दुखतात. आणि नवऱ्याची खास मागणी: आपल्या माणसांच्या इथे काही खुणा असतील तर त्याही सांगा.

टेम्सकाठी

स्वागत! एक्सेल राहू द्या, फक्त एका दिवशी एकच रकाना भरायचा. तोही अर्धा राहिला तरी चालतो.

इथली मोठी राष्ट्रीय म्युझियम्स २००१ पासून सगळ्यांना फुकट आहेत (खास प्रदर्शनांना तिकीट असतं). यातला खरा फायदा पैसे वाचण्याचा नाही. तिकीट नसलं की वसुली करायची नसते. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये शिरा, अर्धा-पाऊण तास थांबा, मूल कुरकुरायला लागलं की सरळ बाहेर. देवमासा पुढच्या महिन्यातही तिथेच टांगलेला असणार. मुख्य दालनात २५ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, 'होप' त्याचं नाव. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकून मेलेला. पूर्वी त्या जागी 'डिप्पी' डायनासोरचा साचा होता, २०१७ मध्ये तो हलवून होपला आणलं.

एक युक्ती. सगळे मोठ्या दाराशी रांग लावतात. तुम्ही एक्झिबिशन रोडच्या बाजूने आत जा. तिथला सरकता जिना एका भल्यामोठ्या पृथ्वीच्या गोळ्यातून वर जातो. चार वर्षांच्या मुलाला तेवढंच आठवडाभर पुरतं. सुट्टीच्या दिवसांत आधी वेळ नोंदवून ठेवा, फुकट असलं तरी.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट, तिथून ७४ नंबरची बस. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की हाइड पार्कचा कोपरा, नाइट्सब्रिज वगैरे मुलं आपसूक बघतात, चालवावं लागत नाही. बाय द वे, ज्या मेट्रोपॉलिटनने तुम्ही जाल ती जगातली पहिली भुयारी रेल्वे, १८६३ ची. सुरुवातीला त्या बोगद्यांतून वाफेची इंजिनं धूर ओकत धावायची. थोरलीला सांगा, बेकर स्ट्रीटचे विटांचे जुने फलाट लगेच वेगळे दिसायला लागतील.

चिंगीची_आई

+१. आणि मोठ्या माणसाबरोबर असलेल्या अकरा वर्षांखालच्या मुलांना ट्यूब (भुयारी रेल्वे), डीएलआर (डॉकलँड्सची हलकी रेल्वे), एलिझाबेथ लाइन, बस सगळं फुकट (एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत). गेटवर मुलांना रुंद फाटकातून आपल्याबरोबर घ्यायचं.

खाण्याचं: डबा न्या, लाजू नका. इथले लोकही नेतात. नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियममध्ये डबा खायला जागा केलेल्या आहेत. आम्ही पोळीचे रोल, काकडी, चिवडा नेतो. शू-शीचं: ट्यूब स्टेशनवर मिळेलच असं नाही, म्हणून म्युझियम सोडताना "नाही आली" म्हणालं तरी न्यायचंच. यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

खडूस_काका

दरडोई ढीगभर पौंड मोजून लंडन आयमध्ये बसायची काही गरज नाही. फेंचर्च स्ट्रीटच्या 'वॉकीटॉकी' इमारतीवरचा स्काय गार्डन फुकट आहे. बिशप्सगेटचा होरायझन २२ त्याहून उंच, ५८ व्या मजल्यावर, तोही फुकट. दोन्हीकडे आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि जागा भराभर संपतात. एवढं करूनही मुलं खाली बघतील आणि विचारतील, "आपलं घर कुठंय?" हॅरो दिसत नाही. वेम्बली स्टेडियमची कमान दाखवा आणि म्हणा, "त्याच्या मागे."

टेम्सकाठी

काका, आमचे चिरंजीव त्या कमानीलाच आपलं घर समजत होते.

अलिप्त

ग्रिनिचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आठ वर्षांच्या मुलीसाठी यापेक्षा चांगला दिवस मला तरी माहीत नाही.

बँक स्टेशनहून डीएलआर घ्या. या गाड्यांना ड्रायव्हर नसतो. पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेसमोर प्रवाशांची बाकं असतात. तिथे मुलांना बसवायचं आणि गाडी तीच चालवतायत असं आपणही धरून चालायचं. (त्या जागेवर डोळा ठेवून असलेले सुटातले गृहस्थही असतात. मुलं बघून उठतात, पण नाराजीने.)

कट्टी सार्क स्टेशनवर उतरू नका. त्याआधीच्या आयलंड गार्डन्सला उतरा. नदीच्या पलीकडे ग्रिनिचच्या दोन घुमटांच्या इमारती समोरासमोर दिसतात. मग तिथल्या गोल घुमटीतून खाली उतरा आणि टेम्सच्या खालून चालत पलीकडे जा. हा पादचारी बोगदा १९०२ चा, ३७० मीटर लांब. दक्षिणेला राहणाऱ्या कामगारांना उत्तरेकडच्या गोदीत वेळेवर पोचता यावं म्हणून बांधला. पांढऱ्या टाइल्स, मधोमध उतार, आणि आवाज असा घुमतो की आमच्या मुलीने पूर्ण बोगदाभर एकच गाणं म्हटलं. लिफ्ट कधीकधी बंद असतात, त्यामुळे बग्गी हलकी न्या.

बाहेर आलात की समोर कट्टी सार्क, १८६९ चं चहाचं जहाज. बाहेरून बघितलं तरी पुरे. पुढे टेकडी चढून वेधशाळेपाशी जा. तिथे छपरावर लाल गोळा आहे. १८३३ पासून रोज दुपारी एकला तो खाली पडतो. एकला पाच मिनिटं कमी असताना तो खांबावर अर्धा चढतो, दोन मिनिटं कमी असताना टोकाला जातो, आणि बरोबर एकला घसरतो. नदीतल्या जहाजांनी तो बघून आपली घड्याळं लावायची, त्यासाठी ही सोय. वारा फार असला तर तो चालवत नाहीत. मुलांना एवढंच सांगा की गोळा पडणार आहे, कधी ते घड्याळात बघा. पाच मिनिटं एकही मूल हलत नाही.

आता शून्य रेखांश. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत जगाने ही रेषा मान्य केली. आतल्या अंगणात धातूची पट्टी आहे, एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून फोटो काढायला लोक तिकीट काढतात. पण तीच रेषा अंगणाबाहेर, खालच्या पायवाटेवर भिंतीवरही आखलेली आहे, तिथे पैसे लागत नाहीत.

खरी गंमत पुढे. मुलीच्या हातात फोन द्या आणि जीपीएसवर रेखांश बघायला सांगा. पट्टीवर उभं राहून तो शून्य येत नाही! पूर्वेला बागेत साधारण १०२ मीटर चालल्यावर शून्य होतो. कारण असं की जुन्या दुर्बिणीची 'सरळ वर' ही दिशा तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून ठरवलेली होती, आणि जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्याने ओळंबा किंचित कलतो. उपग्रह मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून हिशेब धरतात. आमची कन्या फोन समोर धरून, आकडा वाचत, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून गवतात गेली आणि शून्य आल्यावर तिथेच फतकल मारून बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं. पट्टीपाशी मात्र रांग होती.

मुळामुठा

अलिप्त, हे वाचून नवऱ्याने एक्सेलमध्ये ग्रिनिचला वेगळा रंग दिलाय! आमच्या घरी हा मोठा सन्मान असतो.

भटकंती_चालू

आपल्या माणसांच्या खुणांबद्दल मी सांगते.

वॉरिक अव्हेन्यू स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे. १९१८-१९ मध्ये टिळक तिथे राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, त्यासाठी आले होते. दावा हरले, खर्च अफाट झाला. घर खाजगी आहे, पाटी रस्त्यावरून बघायची.

त्या घरापासून दोन पावलांवर लिटल व्हेनिस. म्हणजे कालव्यांचा संगम आणि त्यात रंगवलेल्या लांबोडक्या बोटी, ज्यांत लोक खरोखर राहतात. बोटीच्या टपावर मिरच्यांची कुंडी आणि सायकल. तिथून रीजंट्स कनॉलच्या काठाने पूर्वेला चालायला लागा. वाटेत मेडा हिलचा बोगदा येतो, त्याला काठाची वाटच नाही, त्यामुळे थोडं वरच्या रस्त्याने जावं लागतं. पूर्वी बोट ओढणारे घोडेही वरूनच जायचे. खाली माणसं बोटीवर उताणी झोपून पायांनी बोगद्याच्या भिंती रेटत बोट पुढे न्यायची. हे सांगितल्यावर मुलं बाकावर उताणी पडून प्रयोग करतात, जाणारे-येणारे बघतात, बघू द्या.

मग कालवा चक्क प्राणिसंग्रहालयातून जातो. काठाकाठाने जाताना मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यातली काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसली तर दिसतात, तिकीट न काढता. तिथून वर प्रिमरोज हिल. टेकडीवरून सगळं शहर दिसतं, आणि पलीकडे उतरलं की किंग हेन्रीज रोड. १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहायचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरी, दोन्ही त्या काळातलं. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे, आत जाता येतं. वेळा आधी बघून घ्या.

टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत काठाकाठाने तीन-चार किलोमीटर होतात. मध्ये बदकं, बोटी, माकडं, टेकडी. मुलांना इतिहासाची चाहूलही न लागता होऊन जातं.

खडूस_काका

हायगेटचं इंडिया हाउस राहिलं. ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू, श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं वसतिगृह. सावरकर तिथे होते, पाटी आहे. चढ आहे, बग्गी ढकलायची तयारी ठेवा.

आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखं बघायला म्हणून जाऊ नका. ती २०२४ पासून उसनी म्हणून महाराष्ट्रात आहेत, आधी साताऱ्याला ठेवली. मुक्काम तीन वर्षांचा ठरलाय. इथे येऊन विचारणारे बरेच भेटतात.

नवा_गडी

पण ती शिवाजी महाराजांचीच का, यावर वाद आहे ना?

खडूस_काका

आहे. साताऱ्याला ब्रिटिश रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती म्युझियमकडे आली, आणि हीच अफझलखानाच्या भेटीवेळची असं खात्रीने सांगता येत नाही, असं म्युझियमही म्हणतं. यावर वेगळा धागा काढा, इथे मुलांचं चाललंय.

चिंगीची_आई

मुलांसाठी म्हणाल तर बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचीच शाखा. २०२३ मध्ये नव्याने उघडलंय, संपूर्ण मुलांसाठी. हात लावू नका अशी पाटी शोधावी लागते. धाकट्याला तिथे सोडलंत तर परत आणणं कठीण.

आणि क्रिस्टल पॅलेस पार्कमधले डायनासोर! १८५४ चे, सिमेंट-विटांचे, तळ्याच्या काठी. त्या काळी कोणी पूर्ण सांगाडा बघितला नव्हता, त्यामुळे बरेचसे चुकलेत. इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं टोकदार हाड शिल्पकाराने त्याच्या नाकावर बसवलंय, गेंड्यासारखं. नॅचरल हिस्टरीमध्ये खरे सांगाडे बघून मग इथे आलं की मुलं मोठ्यांच्या चुका काढतात. याहून मोठं सुख त्यांच्यासाठी नसतं.

ओले_मोजे

थंडीचं मी सांगतो, आमचा हा चौथा हिवाळा.

डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. शाळा सुटते सव्वातीन-साडेतीनला. म्हणजे आठवडाभर मुलांना उजेड जेमतेम मिळतो. म्हणून शनिवारी-रविवारी सकाळी दहाच्या आत घराबाहेर, आणि म्युझियम दुपारनंतर. बहुतेक जण उलटं करतात: सकाळी म्युझियममध्ये गर्दी खायची आणि बाहेर येतात तोवर अंधार. मुलांना वॉटरप्रूफ पँट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन टाका. छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. जादा मोजे पिशवीत कायम (नाव बघा माझं).

जूनमध्ये याच्या बरोबर उलट. रात्री सव्वानऊपर्यंत उजेड. मुलं झोपायला तयार नसतात, तेव्हा शाळा सुटल्यावर रिचमंड पार्क. १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी कुंपण घातलेलं रान, आजही शेकडो हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यापासून ५० मीटर लांब राहायचं असा नियम आहे, आणि शरद ऋतूत नर झुंजतात तेव्हा तो खरंच पाळा. पण हॅरोहून लांब पडेल, तुम्ही सुट्टीतच जा.

महत्त्वाचं: २५ डिसेंबरला ट्यूब, बस, काही म्हणजे काही चालत नाही. नवीन लोक नाताळ बघायला शहरात जायचं ठरवतात. रोषणाई आधीच्या आठवड्यांत बघून घ्या, त्या दिवशी घरी पुरणपोळी करा.

नवा_गडी

गर्दी टाळायला शुक्रवारी शाळा बुडवून गेलं तर?

चिंगीची_आई

अहो नको. एखाद्या शुक्रवारने लगेच दंड होत नाही, पण अनधिकृत गैरहजेरी लागते. दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस भरले की दंड: प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरला नाही तर १६०. दोघं पालक, दोन मुलं, करा हिशेब.

त्यापेक्षा इनसेट डे साधा. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा वर्षातून पाच दिवस मुलांना सुट्टी देते, आणि हे दिवस शाळेशाळेचे वेगळे असतात. सगळं लंडन शाळेत आणि तुमची मुलं मोकळी. मी शाळेचं कॅलेंडर आलं की आधी तेच दिवस रंगवते. हाफ टर्मच्या (सत्राच्या मधल्या सुट्टीच्या) आठवड्यात मात्र साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमांकडे फिरकू नका.

अलिप्त

सासू-सासऱ्यांसाठी: ट्यूबच्या नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्टेशनंच धरा. जेमतेम एक तृतीयांश स्टेशनं पायऱ्यांशिवाय आहेत. हॅरो-ऑन-द-हिलला लिफ्ट आहेत, किंग्ज क्रॉसला आहेत, बेकर स्ट्रीट आणि साउथ केन्सिंग्टनला पायऱ्या. २०२२ ची एलिझाबेथ लाइन सगळीकडे लिफ्टची, गार आणि प्रशस्त. बस तर सर्वांत बरी. बग्गीला आणि व्हीलचेअरला एकच जागा असते आणि हक्क व्हीलचेअरचा, त्यामुळे बग्गी मिटायची सवय ठेवा. मोठ्या म्युझियममध्ये व्हीलचेअर मागितली तर बहुधा मिळते. बाबा "मला नको" म्हणतील. धाकट्याला त्यांच्या मांडीवर बसवा, मग नाही म्हणत नाहीत.

नदीवरच्या बोटींनाही साधं काँटॅक्टलेस कार्ड चालतं. वेस्टमिन्स्टरहून ग्रिनिचला बोटीने नेलं तर टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स, सगळं बसल्या जागी होतं.

टेम्सकाठी

एक काळजीची गोष्ट, कोणी लिहिली नाही म्हणून. ट्यूबच्या दारातून मूल आत आणि आपण फलाटावर (किंवा उलट) असं होऊ शकतं. घरीच ठरवून ठेवा: मूल गाडीत असेल तर पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच उभं राहायचं, आपण पुढच्या गाडीने येतो. मूल फलाटावर राहिलं तर जागचं हलायचं नाही. थोरलीकडून पाठ करून घ्या. धाकट्याच्या मनगटाला फोन नंबरची पट्टी.

मुळामुठा

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की उत्तराला वेळ लागला. मधल्या काळात काय झालं ते सांगते.

सेंट जेम्स पार्कमध्ये पेलिकन आहेत हे मला शाळेच्या फाटकावर एका आईकडून कळलं. १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने राजाला भेट दिले होते, तेव्हापासून तिथे पेलिकन आहेतच. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला त्यांना मासे घालतात. आम्ही राजवाड्याकडे पाठ करून फक्त त्यासाठी गेलो. बादली घेतलेला माणूस आला तसे ते पक्षी पाण्यातून बाहेर निघून त्याच्या मागोमाग चालायला लागले, रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारखे डुलत, एकमेकांना चोचीने बाजूला सारत. मासा गेला की चोचीखालची पिशवी लोंबते, आत काहीतरी हलतं, मग मान वर आणि गडप. धाकटा माझ्या पायामागे लपून बघत होता. घरी आल्यावर चार दिवस पोळीचा तुकडा मान वर करूनच गिळत होता.

आणि टॉवर ब्रिज! १८९४ चा पूल आजही वर्षाला आठशेच्या आसपास वेळा उघडतो. कधी, ते त्यांच्या साइटवर आधी छापलेलं असतं, म्हणून आम्ही वेळ बघूनच गेलो. वाहनं थांबली, फाटकं लागली, आणि रस्ता, मधल्या पांढऱ्या पट्ट्यांसकट, उभा राहिला. खालून डोलकाठीची जुनी बोट निवांत गेली, एवढ्याशा बोटीसाठी अख्खं शहर थांबलेलं. नवऱ्याने तिथे १९५२ ची गोष्ट सांगितली: ७८ नंबरची बस पुलावर असतानाच तो उघडायला लागला. ड्रायव्हर अल्बर्ट गंटरच्या लक्षात आलं की आता थांबून उपयोग नाही, त्याने वेग वाढवला आणि दुमजली बस फटीवरून पलीकडच्या, अजून न उठलेल्या फळीवर उडवली. त्याला दहा पौंड बक्षीस मिळालं. थोरलीला ही थाप वाटली. मग समोरून खरीच ७८ आली. तीच बस अजून त्या पुलावरून जाते! मागच्या बसमध्ये चढून आम्ही पूल ओलांडला, उतरलो, परत उलट बाजूने. ड्रायव्हरला तिने गंटरबद्दल विचारलंही. त्याने सांगितलं की त्याच्या करारात उडी मारणं नाही.

टॉवर ऑफ लंडनच्या आत गेलोच नाही. एक्सेलमधला तो रकाना रिकामा आहे, नवऱ्याला टोचतोय.

खडूस_काका

टोचू दे. टॉवरचं तिकीट महाग आहे, पण जाल तेव्हा बीफईटरबरोबरचा (टॉवरचे गणवेशातले राखणदार) फेरफटका सोडू नका, तिकिटातच असतो. मुलांना कावळे दाखवा. निदान सहा डोमकावळे तिथे नसले तर राज्य कोसळेल अशी समजूत, म्हणून मुद्दाम पाळलेले असतात. आणि कोहिनूरसमोर सरकता पट्टा आहे, थांबू देत नाहीत. एवढी गोष्ट आपली आणि बघायला काही सेकंद!

चिंगीची_आई

आता इतके जण लंडनचे निघालोय तर भेटूया का? ब्लूम्सबरीत कोरम्स फील्ड्स आहे. १७३९ मध्ये थॉमस कोरमने सोडून दिलेल्या मुलांसाठी काढलेल्या आश्रमाची जागा, आता सात एकरांचं खेळायचं मैदान. रसेल स्क्वेअरपासून जवळ. पुढच्या महिन्यात एक रविवार ठरवू, डबे आपापले.

अलिप्त

आम्ही येतो. सकाळची वेळ ठेवा, ओले_मोजे यांचा नियम.

भटकंती_चालू

मी पण. चकल्या माझ्याकडे लागल्या.

नवा_गडी

मी येऊ का? एकटाच आहे, पण धागा पहिल्यापासून वाचतोय.

चिंगीची_आई

या की, पण एक अडचण आहे. तिथे मूल बरोबर असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत, फाटकावर तशी पाटीच आहे.

नवा_गडी

मग कोणाचं तरी उसनं मिळेल का?

मुळामुठा

धाकटा घेऊन जा. डबा आणि जादा कपडे त्याच्याबरोबरच येतील.